सायकलची निगा : तेल कमी, फडका जास्त

सोलापूर (प्रतिनिधी) - गिरण्यांचे भोंगे थांबून आता बराच काळ लोटला. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी, तिच्यामागून आलेल्या विष्णू, लक्ष्मी आणि नरसिंग गिरजी या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पाळी सुटल्यावर फाटकातून बाहेर पडणारे सायकलींचे लोंढेही त्यांच्याबरोबर गेले. सायकल मात्र गेली नाही. पूर्व भागातील यंत्रमाग कारखान्यांच्या दारात, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, शाळांच्या आणि शिकवणी वर्गांच्या भिंतींना टेकलेली ती आजही दिसते. कुंभारी येथे २००६ मध्ये विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, जानेवारी २०२४ मध्ये त्याच परिसरातील रे नगरची पहिली १५ हजार घरे कामगारांना मिळाली. हक्काचे घर मिळाले, पण अनेकांचे काम शहरातच राहिले आणि मध्ये दहा-बारा किलोमीटरचा रस्ता आला.

हे अंतर सायकलीच्या भाषेत मोजून पाहण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीच्या २८ इंची चाकाचा एक फेरा साधारण सव्वादोन मीटरचा असतो. जाऊन-येऊन २० किलोमीटर म्हणजे प्रत्येक चाकाचे दिवसाला जवळजवळ नऊ हजार फेरे. महिन्याला २५ दिवस काम धरले, तर ५०० किलोमीटर. एवढी मजल मारणाऱ्या दुचाकी मोटारीचे सर्व्हिसिंग आपण तारखेवर करतो. सायकलीच्या वाट्याला वर्षातून एकदा 'ओव्हर ऑयलिंग' येते आणि मधल्या काळात कुरकुर वाढली की तेलाची धार. ज्याची मजुरी दिवसावर आहे, त्याची सायकल सकाळी रस्त्यात बसली तर पंक्चरच्या पैशांपेक्षा बुडालेला खाडा महाग पडतो. म्हणून हा विषय हौसेच्या मंडळींपेक्षा रोज सायकल चालवणाऱ्यांचा अधिक आहे.

धुळीचे गाव, तेलाची चूक

सायकलीच्या निगेविषयी छापले जाणारे बहुतेक सल्ले थंड आणि पावसाळी देशांतले असतात. तेथे गंज हा मुख्य शत्रू, त्यामुळे भरपूर तेल घाला, असे सांगितले जाते. सोलापूरचे हवामान वेगळे आहे. पाऊस बेताचा, काळी माती, वर्षातले सात-आठ महिने कोरडी धूळ आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा सहजपणे ४२ अंशांच्या पुढे. येथे साखळीवर बाहेरून दिसणारे तेल हे संरक्षण नसून धूळ धरून ठेवणारा गोंद ठरते. तेलात मिसळलेली बारीक माती म्हणजे पान्याला धार लावण्याच्या लेपासारखी वस्तू. ती साखळीच्या प्रत्येक कडीत बसून पोलाद घासत राहते. काळीकुट्ट, चकचकीत साखळी पाहून 'तेलपाणी झालेले आहे' असे समाधान मानणाऱ्यांनी तिच्यावरून बोट फिरवून पाहावे. बोटाला लागणारा काळा चिखल बराचसा साखळीच्याच झिजलेल्या पोलादाचा असतो.

साखळीला तेल लागते ते आत, म्हणजे कडीतील पिन आणि तिच्यावर फिरणारी गोल नळी यांच्यामध्ये. त्यामुळे आठवड्यातून एकदा साखळी कोरड्या फडक्यात धरून पेडल उलटे फिरवावे आणि बाहेरचा मळ पुसून टाकावा. दोन-तीन आठवड्यांनी, पुसून झाल्यावर, प्रत्येक कडीवर एकच थेंब सोडावा. पंधरा मिनिटे थांबून वर राहिलेले तेल पुन्हा पुसावे. हे शेवटचे पुसणे बहुतेक जण गाळतात आणि सगळा घोटाळा तेथेच होतो. साखळी फारच माखलेली असेल तर ब्रशने थोडे रॉकेल लावून धुवावी. रॉकेल हल्ली सहजी मिळत नाही, डिझेलनेही काम भागते. मात्र ते चाकाच्या मधल्या तुंब्यात उतरू देऊ नये, आतील ग्रीस धुऊन जाते.

तेल कोणते, यावर घरोघरी मते आहेत. शिलाई यंत्राचे तेल पातळ असते, ते आत लवकर उतरते पण लवकर संपतेही. त्याचा वापर वारंवार करावा लागतो, एवढेच. मोटारीचे नवे इंजिन ऑइल थोड्या प्रमाणात चालते. गॅरेजमधून फुकट मिळणारे जळके काळे ऑइल मात्र वापरू नये, त्यात काजळी आणि धातूचे कण असतात. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली थिजते आणि सोलापूरच्या हिवाळ्यातील पहाटेला तेवढी थंडी पुरेशी असते. फवाऱ्याच्या डब्यांत मिळणारा पातळ द्रव गंजलेले नट सैल करायला उत्तम. साखळीचे वंगण म्हणून तो टिकत नाही.

साखळी झिजली की लांबते. ती किती लांबली हे पाहण्यासाठी शाळेतील फूटपट्टी पुरते. सायकलीच्या साखळीत एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते, म्हणजे नव्या साखळीत २४ कड्यांना बरोबर १२ इंच. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरावा आणि चोविसावी कडी संपते तेथील पिन पाहावी. ती १२ इंचांच्या पुढे एक सोळांश इंच गेली असेल तर साखळी बदलण्याची वेळ आली. एक अष्टमांश इंच गेली असेल, तर उशीर झाला. तोवर फ्रीव्हीलचे आणि पुढच्या चक्राचे दातही साखळीबरोबर झिजलेले असतात. अशा दातांवर नवी साखळी घातली की ती जोर लावताच उसळते. एका साखळीचा खर्च टाळल्यामुळे तीन वस्तूंचा खर्च पदरी पडतो तो असा.

बिनगिअरच्या सायकलीत साखळीचा ताणही पाहावा. खालच्या बाजूने मधोमध बोटाने वर-खाली केली असता ती अर्धा ते पाऊण इंच हलावी. पेडलचा एक पूर्ण फेरा फिरवून सर्वांत ताठ जागा कोठे येते ते पाहून तेथेच मोजावे, कारण जुनी चक्रे क्वचितच पूर्ण गोल असतात. तार वाजावी इतकी ताठ साखळी पेडल जड करते आणि छर्रे खाते.

हवा : आठवड्याचा एक दिवस ठरवावा

निगेचे एकच काम करायचे असेल, तर ते हवा भरण्याचे. कमी हवेवर चालणारा टायर प्रत्येक फेऱ्याला कडेने दुमडतो. त्याच्या आतील धागे तुटतात, खड्ड्यात रिम थेट दगडावर आदळते आणि ट्यूब दोन बाजूंनी चिमटली जाऊन तिला सापाच्या दाताच्या खुणांसारखी दोन भोके पडतात. असे जोडीचे भोक दिसले तर काटा शोधत बसू नये; दोष कमी हवेचा आहे.

हवा किती भरावी, हे टायरच्या कडेवरच छापलेले असते. पौंडांत सांगायचे तर २८ × १ १/२ या जुन्या मापाच्या टायरला साधारण ५०, रुंद टायरच्या माउंटन पद्धतीच्या सायकलींना ३५ ते ४५ आणि अरुंद टायरच्या नव्या सायकलींना ६० ते ८०. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तेथे चार-पाच पौंड अधिक. जुन्या सायकलीचा व्हॉल्व्ह साध्या मापकाने मोजता येत नाही. तेथे जुनी रीत कामाला येते. सायकलीवर पूर्ण वजन टाकून बसावे आणि दुसऱ्याला मागचे चाक पाहायला सांगावे. टायर जमिनीशी किंचित फुगलेला दिसावा, पसरलेला दिसू नये. अंगठ्याने दाबून पाहण्याची सवय असेल तर टायरचा माथा दाबण्याऐवजी कडा दोन्ही बाजूंनी दाबावी, तेथे फरक लवकर कळतो.

याच जुन्या व्हॉल्व्हमध्ये रबराची एक बारीक नळी असते, तिला 'वॉल ट्यूब' म्हणतात. उन्हाने ती चिरते, सैल पडते आणि पंक्चर नसताना रोज हवा उतरू लागते. व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा किंवा थुंकीचा एक थेंब ठेवावा. बुडबुडा आला, तर नळी बदलावी. ती चहाच्या कपापेक्षा स्वस्त आहे आणि घरच्या घरी अर्ध्या मिनिटात बसते. प्रत्येक उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती बदलून टाकली, तर 'चोर पंक्चर' म्हणून मिस्त्रीकडे होणाऱ्या निम्म्या फेऱ्या वाचाव्यात.

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवण्याची पद्धत येथे सर्रास आहे. तिचा हिशेब करून पाहू. सकाळी २५ अंशांत ५० पौंड हवा भरलेला टायर दुपारच्या उन्हात ५५ अंशांपर्यंत तापला, तर आतील दाब सुमारे ५६ पौंड होतो. सहा पौंडांची ही वाढ चांगला टायर सहज सोसतो. उन्हात फुटणाऱ्या टायरचे कारण बहुधा आधीच चिरलेली कड, टायर रिममध्ये नीट न बसणे किंवा ट्रकसाठी ठेवलेल्या कॉम्प्रेसरने क्षणात भरलेली बेहिशेबी हवा हे असते. तापलेल्या ट्यूबवर जुन्या ठिगळाचे सोल्युशन मऊ पडून ते सुटते, हेही तितकेच खरे. उपाय सावलीचा आहे. सायकल झाडाखाली किंवा छपराखाली लावावी. उन्हाने रबर कडक होऊन कडांवर जाळीसारख्या चिरा पडतात. या चिरांतून आतील धागे दिसू लागले की टायर कितीही जाड दिसो, तो बदलावा.

पंक्चरचे कारण या भागात बहुतेक वेळा बाभळीचा किंवा वेड्या बाभळीचा काटा हेच असते. काटा ट्यूबमधून निघतो, पण त्याचे टोक टायरमध्येच मोडून राहते. ट्यूब जोडल्यावर टायरच्या आतून सर्व बाजूंनी फडके फिरवावे. जेथे धागा अडकेल तेथे काटा आहे. बोटे फिरवू नयेत. पंक्चर स्वतः काढणाऱ्यांकडून होणारी एकच नेहमीची चूक म्हणजे घाई. ट्यूब खरवडून सोल्युशन लावल्यावर ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटे, सुकू द्यावे लागते. ओल्या सोल्युशनवर लावलेले ठिगळ त्या दिवशी टिकते आणि दुसऱ्या दिवशी सुटते. टायर काढताना पेचकस वापरला, तर जुने भोक बुजवताना नवे पडण्याची शक्यता असतेच. प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात, त्या घ्याव्यात.

टायर विकत घेताना एक सावधगिरी. '२६ इंची द्या' एवढे सांगणे पुरत नाही. २६ × १ ३/८ आणि २६ × १.९५ हे दोन्ही २६ इंची म्हणून विकले जातात; पण पहिल्याची रिमवर बसणारी कड ५९० मिलिमीटर व्यासाची, तर दुसऱ्याची ५५९ मिलिमीटरची. एक दुसऱ्याच्या जागी कधीही बसत नाही. जुन्या टायरवर छापलेले माप, अपूर्णांकासह, जसेच्या तसे लिहून न्यावे.

ब्रेकला उद्या नाही

वरील सर्व कामे आठवडाभर लांबली, तर नुकसान पैशाचे होते. ब्रेकचे तसे नाही. सोलापुरातून पुणे-हैदराबाद आणि विजयपूरकडे जाणारे राष्ट्रीय महामार्ग जातात. उसाच्या ट्रॉल्या, सिमेंटचे आणि मालाचे ट्रक यांच्याबरोबर रस्ता वाटून घेणाऱ्या सायकलस्वाराजवळ स्वतःचा बचाव म्हणून दोन ब्रेकच असतात. तरीही एकच ब्रेक लागणाऱ्या, किंवा पाय जमिनीला घासून थांबवल्या जाणाऱ्या सायकली येथे रोज दिसतात.

तपासणीला अर्धे मिनिट लागते. सायकलीच्या बाजूला उभे राहून पुढचा ब्रेक दाबावा आणि सायकल पुढे ढकलावी. पुढचे चाक फिरता कामा नये, मागचे उचलले जावे. नंतर मागचा ब्रेक दाबून ढकलावी. चाक न फिरता घासत यावे. ब्रेकची दांडी अर्ध्या वाटेत पकडली पाहिजे. ती हँडलला जाऊन टेकत असेल, तर ब्रेक आहे असे म्हणू नये.

काळ्या, जुन्या सायकलींचे सळ्यांचे ब्रेक दणकट असतात, पण खड्ड्यांच्या हादऱ्यांनी त्यांचे नट सैल पडतात. विशेषतः पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना असलेला ब्रेकचा घोड्याच्या नालेसारखा भाग आणि त्याला धरून ठेवणाऱ्या दोन लहान क्लिपा पाहाव्यात. क्लिप पडली आणि तो भाग तारांत अडकला, तर चाक जागीच थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. हा अपघात वेगातच होतो, कारण ब्रेक दाबण्याची वेळ तीच असते. सळ्यांच्या जागी तार असेल, तर तिचे टोक दांडीपाशी पाहावे. तार प्रथम तेथेच उसवते. एक धागा तुटलेला दिसला की तार बदलावी, बाकीचे धागे किती दिवस टिकतील याचा अंदाज बांधत बसू नये.

ब्रेकचे रबर झिजून धातूची पट्टी रिमला लागू लागली, की किर्र आवाज येतो. तोवर रिमवर चर पडलेला असतो. रबर ज्या धातूच्या खोबणीत बसते तिची एक बाजू उघडी असते. फिरणारे चाक रबराला ज्या दिशेला ओढते, त्या बाजूला खोबणीचे बंद तोंड आले पाहिजे. उलटे बसवलेले रबर पहिल्याच जोरदार ब्रेकला निसटून रस्त्यावर पडू शकते. नवे रबर बसवून घेताना मिस्त्रीच्या हातून ही चूक झालेली नाही ना, हे पाहण्यात कमीपणा नाही.

पोलादी रिमचा एक स्वभाव लक्षात ठेवावा. कोरडी असताना ती चांगली पकडते; ओली झाली की रबर तिच्यावरून काही फेरे नुसते घसरते. मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ आणि ऑइल मिसळून रस्ताही निसरडा होतो. पावसात चौक येण्याच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्यावे, मग खरा ब्रेक लावावा. रिमला तेल लागले असेल, तर ती साबणाच्या पाण्याने धुवावी. नव्या सायकलींना डिस्क ब्रेक असतात. त्यांच्या चकतीवर तेलाचा फवारा गेला तर ब्रेकचे पॅड कायमचे बाद होतात. साखळीला तेल देताना चकतीवर फडके टाकावे.

मिस्त्रीकडे काय सोपवावे

सगळे घरी करण्याचा अट्टहास नको. चाकाचा 'आऊट' काढणे हे कसबाचे काम आहे. जुन्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असतात, कारण स्वाराचा आणि कॅरिअरवरील सुताच्या गठ्ठ्याचा भार मागे येतो. एक तार सैल झाली की शेजारच्या तारांवर ताण येतो आणि त्या एकामागून एक तुटू लागतात. दोन-दोन तारा बोटांत धरून दाबत गेले की सैल तार हाताला लगेच कळते. ती कळणे आपले काम, ताणणे मिस्त्रीचे. पेडलच्या दर फेऱ्याला 'टक्' असा आवाज येणे, हे बहुधा कॉटर पिन सैल झाल्याचे लक्षण असते. तशीच चालवत राहिल्यास क्रँकचे भोक लांबट होते आणि मग नवी पिनही टिकत नाही. चाक रिमला धरून आडवे हलवल्यावर खडखडले, तर कोन सैल आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे केल्यावर हँडलच्या मुळाशी खडखडाट झाला, तर तेथील वाटी-कोन आवळावी.

पेडल स्वतः काढणाऱ्यांनी डावे पेडल उलट्या आट्यांचे असते हे ध्यानात ठेवावे. ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. हे माहीत नसताना लांब पान्याने जोर लावून आटे उडवल्याची उदाहरणे कोणत्याही दुकानात पाहायला मिळतील.

वर्षातून एकदा सायकल पूर्ण खोलून, छर्रे धुऊन, नवे ग्रीस भरून घ्यावे. याचा मुहूर्त या शहराला ठाऊक आहे. खंडेनवमीला मागाची आणि हत्यारांची पूजा होते, दसऱ्याला सायकलीच्या हँडलवर झेंडूची माळ चढते. पावसाळा तेव्हा संपत आलेला असतो आणि छर्ऱ्यांत शिरलेले पाणी व गाळ काढण्याची नेमकी ती वेळ असते. माळ घालण्याआधी आठ दिवस सायकल मिस्त्रीकडे द्यावी. आयत्या वेळी तेथे रांग असते. छर्रे परत बसवताना जुने-नवे मिसळू नयेत, झिजलेला एक छर्रा दिसला तरी त्या बाजूचे सर्व बदलून घ्यावेत. काम झाल्यावर चाक उचलून हलकेच फिरवावे. चांगले चाक थांबताना व्हॉल्व्हच्या वजनाने थोडे मागे-पुढे झुलते. एकदम थांबले, तर कोन जास्त आवळला आहे.

दुचाकी धुण्याच्या केंद्रावर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल धुऊन घेण्याची नवी सवय मात्र चांगली नाही. तो फवारा छर्ऱ्यांपर्यंत पाणी पोचवतो. पाणी जपून वापरण्याची सवय असलेल्या या शहरात ओल्या फडक्याने पुसणे पुरे आहे.

नवी सायकल घेतलेल्यांनी महिनाभराने ती दुकानात परत नेऊन तारा, ब्रेक आणि सर्व नट एकदा तपासून घ्यावेत. नव्या तारा आणि ब्रेकच्या वायरी पहिल्या काही आठवड्यांत बसतात आणि सैल पडतात. मुलांसाठी सायकल घेताना गिअरचा आग्रह धरणाऱ्या पालकांनी एवढे पाहावे, की गिअरच्या यंत्रणेला धूळ अधिक सोसत नाही आणि सोलापूरच्या सपाट पेठांत तिचा उपयोग कितपत आहे. एका गिअरची साधी सायकल येथे अधिक दिवस बिनतक्रार चालते, असे आमचे मत आहे. तिचे सुटे भाग कोणत्याही कंपनीचे चालतात, हा फायदा वेगळा. ॲटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, तरी त्या बनावटीच्या जुन्या सायकलींचे छर्रे, कॉटर आणि साखळ्या अडलेल्या नाहीत.

अंधार पडल्यावर कारखान्यातून परतणाऱ्यांनी मागचा लाल परावर्तक पाहावा. तो मडगार्डवर सरळ उभा असावा. वाकून आकाशाकडे पाहत असेल, तर ट्रकच्या दिव्यांचा उजेड चालकाकडे परत जात नाही. कॅरिअरवर गठ्ठा किंवा पिशवी लोंबत असेल तर ती त्याला झाकत नाही ना, तेही पाहावे. परावर्तकावर आठवडाभराची धूळ बसली, की तो आणि विटेचा तुकडा यांत अंधारात फरक उरत नाही. साखळी पुसायला घेतलेल्या फडक्याची स्वच्छ बाजू आधी त्यावरून फिरवावी.